पहिल्या सात दिवसांची शिदोरी : कोंबडीच्या पिलांचे आरंभीचे पोषण

तंजावर हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनासमोर बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि सरफोजी राजांचा विद्याव्यासंग उभा राहतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा जिल्हा त्याबरोबरच तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणूनही प्रसिद्ध आहे. कुरुवै, सांबा आणि ताळडी या तीन हंगामांभोवती येथील शेतकऱ्याचे वर्ष फिरते. भाताच्या गिरणीतून तांदळाबरोबर कणी, कोंडा आणि तूस बाहेर पडते, आणि जेथे कणी-कोंडा मुबलक, तेथे परसात कोंबडी असणे स्वाभाविकच आहे.

पशुवैद्यकाचा या भूमीशी असलेला संबंधही जुना आहे. इ. स. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजी राजे (द्वितीय) यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था चालवली. तेथे माणसांबरोबरच जनावरांच्या औषधांचाही विचार होत असे. तंजावरच्या दक्षिणेस असलेल्या ओरत्तनाडू येथे त्यांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेले छत्रम् आजही परिचित आहे. त्याच ओरत्तनाडूत २०१२ मध्ये तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय सुरू झाले.

या परिसराला कुक्कुटपालनासारख्या पूरक व्यवसायाची गरज का भासावी, याचे उत्तर १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे मिळाले. त्या पहाटे गज चक्रीवादळाने नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनारा ओलांडला आणि पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडू या भागांतील नारळाच्या बागा मोठ्या प्रमाणावर भुईसपाट झाल्या. नवा नारळ लावला तर उत्पन्नासाठी काही वर्षे थांबावे लागते. भाताचे पैसे हंगामाअखेरीस मिळतात. कोंबडीचे उत्पन्न मात्र काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत हाती येऊ शकते. म्हणूनच अल्पभूधारक कुटुंबे आणि महिला बचत गट कुक्कुटपालनाचा प्रस्ताव घेऊन बँकेच्या दारी येतात. या व्यवसायाचे यशापयश अनेकदा शेडच्या आकारावर किंवा बाजारभावावर ठरते असे मानले जाते. वस्तुतः त्याचा मोठा भाग पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत निश्चित होत असतो.

पिल्लू शिदोरी घेऊनच येते

कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. बाहेर पडण्यापूर्वी एक-दोन दिवस अंड्यातील उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढला जातो. चाळीस ते पंचेचाळीस ग्रॅम वजनाच्या पिलाच्या पोटात हा बलक साधारण ५ ते ८ ग्रॅम असतो. निसर्गाने दिलेली ही शिदोरीच होय. तिच्यात मेद व प्रथिने असतात, तसेच आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्येही असतात. या शिदोरीच्या बळावर पिल्लू दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना तग धरू शकते. उबवणी केंद्रातून शेकडो किलोमीटर दूर एकदिवसीय पिले पाठवता येतात ती यामुळेच.

येथेच एक गैरसमज मूळ धरतो. पोटात शिदोरी आहे म्हणजे खाद्याची घाई नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रयोगांतून याच्या उलट आढळले आहे. ज्या पिलांना लवकर खाद्य मिळते, त्यांच्या पोटातील बलक उपाशी पिलांच्या तुलनेने अधिक वेगाने वापरला जातो. खाद्य आतड्यात उतरले की आतड्याची हालचाल वाढते आणि बलकही पुढे सरकतो.

दुसरी बाब आतड्याच्या वाढीची. अंड्यात असताना पिलाचे पोषण मुख्यतः मेदावर होते. बाहेर आल्यावर त्याला मका किंवा तांदूळ यांतील पिष्टमय पदार्थ पचवावे लागतात. हा बदल थोड्या दिवसांत घडवून आणण्यासाठी पहिल्या आठवड्यात लहान आतडे शरीराच्या इतर भागांपेक्षा अधिक वेगाने वाढते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नरस त्यांच्यातूनच शोषला जातो. या दिवसांत उपासमार झाली, तर हे उंचवटे खुरटतात. पुढे कितीही उत्तम खाद्य दिले तरी ही तूट पूर्णपणे भरून निघेलच, असे नाही.

आधी ऊब, मग पाणी, मग खाद्य

नवजात पिलाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. थंडीने गारठलेले पिल्लू खाद्य समोर असूनही खात नाही. म्हणून पोषणाचा विचार उबेपासून सुरू होतो. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करत जावे. पिले येण्यापूर्वी काही तास ब्रूडर सुरू करून खालची तुसाची गादीही कोमट करून घ्यावी. हवा तापली तरी गादी थंड राहिली, तर पिलांच्या पायांतून उष्णता निघून जाते.

तापमापकाइतकेच विश्वसनीय साधन म्हणजे पिलांचे वर्तन. दिव्याखाली गर्दी करून ती चिवचिवाट करत असतील, तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर पंख पसरून धापा टाकत असतील, तर उष्णता अधिक झाली आहे. सगळी एकाच कडेला गोळा झाली असतील, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येत आहे असे समजावे. सर्वत्र सारखी विखुरलेली, काही खाणारी, काही पिणारी, काही झोपलेली पिले हे उत्तम व्यवस्थेचे लक्षण होय.

प्रवासातून आलेल्या पिलांच्या शरीरातील पाणी कमी झालेले असते. त्यांना प्रथम स्वच्छ पाणी द्यावे. त्यात थोडा गूळ किंवा ग्लुकोज आणि क्षार मिसळण्याची पद्धत आहे. दोन-चार पिलांची चोच हलकेच पाण्यात बुडवली, की बाकीची त्यांचे पाहून पिऊ लागतात. त्यानंतर लगेच खाद्य द्यावे. पहिले काही दिवस तुसावर खडबडीत कागद अंथरून त्यावर खाद्य पसरावे. पिल्लू चालले की कागद वाजतो, पिलाचे लक्ष वेधले जाते आणि ते टोचा मारते. कागद गुळगुळीत असेल तर पाय घसरून फाकतात, आणि कागदच नसेल तर पिले तूस खातात.

खाद्य पोटात गेले की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. पिलाच्या गळ्याखाली अन्न साठवणारी लहानशी पिशवी असते. आगमनानंतर २४ तासांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतील काही पिले उचलून ती बोटांनी हलकेच चाचपावी. पिशवी मऊ, खिमटीसारखी लागली तर पिलाने खाल्ले व प्यायले आहे. टणक लागली तर खाद्य मिळाले, पण पाणी नाही. रिकामी लागली तर त्याला खाद्य सापडलेलेच नाही. शंभरांपैकी किमान ९५ पिलांची पिशवी भरलेली असावी.

केवळ तांदूळ पुरेसा का नाही?

भातपट्ट्यात पिलांपुढे कणी टाकण्याची प्रथा सार्वत्रिक आहे. घरात उपलब्ध असलेले धान्य वापरणे चूक नाही. मात्र केवळ कणीवर पिल्लू वाढू शकत नाही, आणि हे सत्य जगाला कोंबड्यांनीच शिकवले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता येथे डच वैद्य क्रिस्तियान आयकमन हे बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना बेरीबेरीसारखाच विकार जडला. त्यांचे पाय लुळे पडले, तोल जाऊ लागला. काही काळाने त्या आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेता असे दिसले की आजाराच्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील शिजवलेला पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारल्यावर त्यांना कमी सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या सुधारल्या. तांदूळ सडताना निघून जाणाऱ्या कोंड्यात जीवनावश्यक असे काही तरी असते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. ते म्हणजे आज ब-१ म्हणून ओळखले जाणारे जीवनसत्त्व. आयकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. उकडा तांदूळ खाणाऱ्या तंजावरसारख्या प्रदेशांना या शोधाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको, कारण भात उकडताना या जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्याच्या आत मुरतो.

कणीमध्ये ऊर्जा भरपूर, पण प्रथिने केवळ ८ टक्क्यांच्या आसपास असतात. वाढत्या पिलाची गरज याहून कितीतरी अधिक असते. भारतीय मानकांनुसार ब्रॉयलर पिलांच्या अगदी पहिल्या, म्हणजे प्री-स्टार्टर खाद्यात २३ टक्के, त्यानंतरच्या स्टार्टर खाद्यात २२ टक्के, तर अंड्यांच्या जातीच्या पिलांच्या खाद्यात २० टक्के प्रथिने अपेक्षित आहेत. प्रथिनांची टक्केवारी पुरेशी असली तरी त्यांत लायसिन व मिथिओनिन या अमिनो आम्लांचे प्रमाण योग्य असावे लागते. यासाठी सोयाबीन पेंड, मासळीची भुकटी यांचा उपयोग होतो. यांखेरीज कॅल्शियम, स्फुरद आणि जीवनसत्त्वे यांचा समतोल आवश्यक असतो. ब-१ अभावी पिल्लू मान मागे टाकून आकाशाकडे पाहत बसते. ब-२ अभावी पायाची बोटे आत वळतात. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा स्फुरद कमी पडले तर हाडे मऊ राहून मुडदूस होतो. परसातील पिलांना ड जीवनसत्त्व उन्हातून मिळते, बंद शेडमधील पिलांना ते खाद्यातूनच द्यावे लागते.

अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचे खाद्य पिलांना घालणे ही आणखी एक चूक. त्या खाद्यात कवचासाठी ३ टक्क्यांहून अधिक कॅल्शियम असते, पिलांना सुमारे १ टक्का पुरते. अतिरिक्त कॅल्शियमचा भार पिलांच्या मूत्रपिंडांवर पडतो.

कोंडा, पेंड आणि ओलावा

तांदळाचा कोंडा हे तंजावरचे सहज उपलब्ध खाद्य. त्यात १२ ते १३ टक्के प्रथिने व भरपूर तेल असते. मात्र गिरणीतून बाहेर पडताच त्यातील तेल विघटित होऊ लागते आणि कोंडा खवट होतो. खवट तेलामुळे खाद्यातील ई जीवनसत्त्व नष्ट होते आणि त्याच्या अभावी पिलांच्या मेंदूला इजा होऊन ती तोल सावरू शकत नाहीत. त्यामुळे कोंडा ताजा वापरावा अथवा तेल काढलेला कोंडा घ्यावा. पहिल्या आठवड्यात तर तो टाळलेलाच बरा, कारण त्यातील तंतुमय भाग आणि न पचणाऱ्या रूपातील स्फुरद पिलाच्या कोवळ्या आतड्याला झेपत नाही.

बुरशीचा धोका याहून गंभीर आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी दगावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीमुळे निर्माण झालेले विष सापडले. अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध या घटनेतूनच लागला. ते यकृतावर आघात करते, प्रतिकारशक्ती घटवते आणि लहान पिलांना अधिक बाधते. तंजावरला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. त्या दिवसांत ओलसर मका व पेंड यांना बुरशी लागण्यास वेळ लागत नाही. खाद्याची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. बुरशीचा वास येणारे खाद्य वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाने ओल जाते, विष तसेच राहते.

खुडूक कोंबडीकडून घेण्याचा धडा

आपल्या खेड्यांतून खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून पिले काढण्याची रीत आहे. ती कोंबडी पिलांना पंखाखाली ऊब देते, टोचा मारून खाद्य दाखवते आणि नकळत आणखी एक देणगी देते. तिच्या सहवासातून उपयुक्त सूक्ष्मजीव पिलांच्या आतड्यात वस्तीला येतात. १९७३ मध्ये फिनलंडमधील नुर्मी व रांताला या संशोधकांनी दाखवून दिले की प्रौढ पक्ष्यांच्या आतड्यातील सूक्ष्मजीव नवजात पिलांना दिल्यास साल्मोनेला जंतूंना थारा मिळत नाही. उबवणी यंत्रातून आलेले पिल्लू या वारशास मुकते. म्हणून त्याच्या भोवतीची स्वच्छता आणि पाण्याची शुद्धता अधिक काटेकोर असावी लागते. प्रतिजैविके सरसकट पाण्यात मिसळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. माणसासाठी अखेरचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुखाद्यातील व कुक्कुटपालनातील वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे.

लसीकरण मात्र चुकवू नये. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची पहिली लस साधारणतः पाचव्या ते सातव्या दिवशी, तर गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिली जाते. नेमके वेळापत्रक स्थानिक पशुवैद्यकाकडून घ्यावे. कुपोषित पिलात लसीचा परिणामही अपुरा होतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

परसातील कुक्कुटपालनाच्या सरकारी योजनांत लाभार्थ्यांना एकदिवसीय पिले न देता मातृगृहात चार आठवडे वाढवलेले पक्षी देण्याची पद्धत का पडली, हे आता सहज उमगेल. सर्वाधिक जोखमीचा काळ जेथे ऊब, खाद्य आणि देखरेख यांची सोय आहे अशा ठिकाणी निभावून न्यावयाचा, हा त्यामागील विचार होय.

हिशेबाच्या वहीत पहिला आठवडा

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने १,००० ब्रॉयलर पिलांची तुकडी आणली. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू साधारण १५० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सर्वांना मिळून १५० किलो. पाच आठवड्यांच्या एकूण खाद्याच्या तुलनेने हे प्रमाण केवळ ५ टक्क्यांच्या आसपास येते. उत्तम प्री-स्टार्टर खाद्य किलोमागे ४ रुपयांनी महाग आहे असे धरले, तर जादा खर्च ६०० रुपये होतो. हे ६०० रुपये वाचवल्यामुळे पिल्लू सातव्या दिवशी १० ग्रॅमने मागे राहिले, तर विक्रीच्या वेळी ते ५० ग्रॅम किंवा अधिक मागे राहते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. म्हणजे तुकडीमागे ५० किलो वजन घटले. किलोला १०० रुपये भाव धरल्यास ही घट ५,००० रुपयांची होते. लहान पक्षी थोडे कमी खातो हे लक्षात घेतले तरी बचतीपेक्षा तोटाच मोठा ठरतो. मरतुकीचा हिशेब याहून निराळा.

ब्रॉयलरच्या वर्षाकाठी पाच-सहा तुकड्या निघतात आणि शेडच्या कर्जाचे हप्ते याच उत्पन्नातून भरावयाचे असतात. लागोपाठ दोन तुकड्यांचा आरंभ बिघडला, तर परतफेडीचे वेळापत्रक कोलमडते. करारपद्धतीत पिले व खाद्य कंपनीचे असले, तरी पालनाचा मोबदला वजन आणि खाद्याचा विनियोग यांवरच ठरतो. त्यामुळे तेथेही हा नियम सुटत नाही.

यास्तव कर्जप्रस्तावात शेड आणि पिंजऱ्यांच्या खर्चाबरोबर ब्रूडर, तापमापक, वजनकाटा आणि वीज खंडित झाल्यास पर्यायी उबेची सोय यांची तरतूद आहे की नाही, हे ग्राहकाने व अधिकाऱ्यानेही पाहावे. खेळत्या भांडवलाचा अंदाज करताना आरंभीच्या उत्तम खाद्याची रक्कम वगळू नये. शेडच्या पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्याने पक्षी मोजण्याबरोबर दोन नोंदी अवश्य मागाव्यात : सातव्या दिवसाचे सरासरी वजन आणि पहिल्या आठवड्यातील मरतूक. तुकडीचे भवितव्य कळण्यास या दोन नोंदी बऱ्याच अंशी पुरेशा होतात.

अर्थसाहाय्याचे मार्गही उपलब्ध आहेत. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालन व मत्स्यव्यवसायासाठी खुली करण्यात आली. त्यातून खाद्य, औषधे यांसारखा चालू खर्च भागवता येतो. २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुट प्रजनन केंद्र, उबवणी केंद्र आणि पिलांचे मातृगृह यांच्या एकत्रित प्रकल्पास भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. अर्जापूर्वी त्या वेळी लागू असलेल्या अटी शाखेत समजून घ्याव्यात.

तंजावरच्या भातशेतीत रोपवाटिकेला जे महत्त्व, तेच कुक्कुटपालनात ब्रूडरमधील पहिल्या आठवड्याला आहे. रोप जोमदार असेल तर लावणीनंतरचे कष्ट फळाला येतात, रोपच खुरटले तर पुढील खतपाणी वाया जाते. हा नियम कावेरीकाठच्या बचत गटाला लागू आहे, तसाच कोकणातील परसबागेला आणि देशावरील शेडलाही. पिल्लू आपली शिदोरी घेऊन येते, पण ती दोन-तीन दिवसांचीच असते. त्यापुढची शिदोरी बांधून देणे हे पालकाचे काम, आणि त्यासाठी वेळेवर पुरेसे भांडवल उभे करून देणे हे बँकेचे.